साहेब घरी आले म्हणून मत द्यायचं का?

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

‘मी नाशिकला सिडकोत राहते. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. चार वर्षांपूर्वी वारले. कंपनी शेअर बाजारात आहे. कामगारांसाठी राखलेल्या शेअरमधून घेतलेले आणि नंतर बोनसने वाढलेले मिळून आमच्याकडे २,४०० शेअर आहेत. १,५०० माझ्या डिमॅटमध्ये, ९०० यजमानांच्या एकट्याच्या नावाचे कागदी. आता मुंबईच्या एका उद्योगसमूहाने बाजारातून ९ टक्के शेअर घेतलेत, एका फंडाकडचे १७ टक्के घ्यायचा करार केलाय, आणि आम्हा बाकीच्यांचे शेअर १८६ रुपये भावाने विकत घ्यायची ओपन ऑफर जाहीर केलीय. बाजारात भाव २०५ च्या आसपास आहे. मालकांच्या घरात ३४ टक्के आहेत. कंपनीकडून पोस्टल बॅलटची नोटीस आली, मालकांना वॉरंट देण्याचा ठराव आहे म्हणे. परवा साहेबांचे चिरंजीव एचआरच्या माणसाला घेऊन घरी आले. “काकू, कंपनी आपली आहे, बाहेरच्याच्या घशात घालू नका. मत आम्हीच ऑनलाइन टाकतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा,” म्हणाले. मी उद्या सांगते म्हटलं. माझा मुलगा तिथेच टूलरूममध्ये आहे. पुतण्या म्हणतो, आजच्या आज सगळं विकून मोकळी हो. मी नाही म्हटलं तर खाल्ल्या मिठाला जागले नाही असं होईल का? आणि कंपनीच्या सभेत माझ्यासारखीला बोलू देतात का?’

ताई,

आधी तातडीचं. ओटीपी सांगू नका. चिरंजीवांना नाही, एचआरला नाही, पुतण्यालाही नाही. पोस्टल बॅलटमध्ये, म्हणजे सभा न भरवता टपालाने किंवा ऑनलाइन होणाऱ्या मतदानात, प्रॉक्सी चालत नाही, म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने मत टाकण्याची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही. मतदानाला तीस दिवस मिळतात, तारखा नोटिशीत आहेत. टाकलेलं मत मात्र बदलता येत नाही. तेव्हा घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. पुन्हा आले तर चहा द्या आणि ‘माझं मी टाकते’ एवढंच म्हणा.

मुलाच्या नोकरीची धास्ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे, पण सगळा पेच तिथेच आहे असं मला वाटतं. म्हणून खरं सांगतो. हे मतदान विधानसभेसारखं गुप्त नसतं. मोजणीला कंपनीच्या नोकरीत नसलेला तपासनीस नेमावा लागतो, पण सगळं आटोपल्यावर कागद कंपनीकडेच परत जातात. कुणी काय मत दिलं हे शोधायचंच म्हटलं तर सापडू शकतं. १,५०० शेअरसाठी कुणी एवढं खणत बसेल असं नाही, पण ‘कळणारच नाही’ असं सांगून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. न पटणाऱ्या ठरावावर मत न टाकणं हाही तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी कुणाला कारण द्यावं लागत नाही.

मिठाचं म्हणाल तर यजमानांनी पगार घेतला आणि काम दिलं, तो हिशेब तिथे पुरा झाला. शेअर त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले. कंपनी जितकी साहेबांची, तितकीच तुमच्या वाट्यापुरती तुमची. साहेबांना ‘आपली कंपनी’ म्हणताना हे आज आठवलं, चांगलं झालं. लाभांश कमी केला त्या वर्षी ते कुणाच्या घरी आले होते का, हे तुम्हीच आठवून बघा.

आता ठरावाकडे वळू. पतसंस्था, सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या निवडणुका बघून आपल्या डोक्यात एक माणूस एक मत पक्कं बसलेलं असतं. इथे एक शेअर एक मत. हा ठराव विशेष ठराव आहे. विरोधात जितकी मतं पडतील त्याच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. मुंबईवाल्यांचे ९ आणि फंडाचे १७ मिळून २६. अशा करारात विकणाऱ्याला विरोधात मत द्यायला बहुधा बांधून घेतलेलं असतं. २६ ची तिप्पट ७८, आणि बाकी सगळे मिळून उरतात ७४. म्हणजे तुम्ही, मी आणि अख्खं अंबड बाजूने उभं राहिलं तरी ठराव पडतो.

हे गणित साहेबांच्या सल्लागारांना येत नसेल असं मी मानत नाही. मग ते दारोदार का फिरताहेत? एक शक्यता अशी की फंड मतदानापासून बाजूला राहील अशी त्यांना आशा आहे. तसं झालं तर विरोधात फक्त ९ उरतात, बाजूने २७ पुरतात, आणि मग तुमच्यासारख्यांची मतं खरोखर तोलाची होतात. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. मत हे निमित्त आहे. त्यांना हवंय ते हे, की जुन्या कामगारांनी ओपन ऑफरमध्ये शेअर देऊ नयेत. एकदा ओटीपी दिला की माणूस मनाने त्या बाजूचा होतो.

वॉरंट म्हणजे काय ते ऐका. मालकांनी आज ठरलेल्या किमतीच्या फक्त पाव भाग पैसे भरायचे आणि पुढच्या अठरा महिन्यांत केव्हाही बाकीचे भरून शेअर घ्यायचे. भाव चढला तर घेतील, पडला तर पाव रकमेवर पाणी सोडतील. शेअरची एकूण संख्या वाढते, तुमचा हिस्सा तेवढा पातळ होतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात कंपनी ताब्यात घ्यायला आलेल्या हल्लेखोराला वगळून बाकीच्यांना स्वस्तात शेअर वाटण्याचा डाव निघाला, त्याला पॉयझन पिल म्हणतात. आपल्याकडे तो जमत नाही, कारण ठरावीक लोकांना शेअर द्यायचे तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सूत्राने निघणाऱ्या भावापेक्षा स्वस्तात देता येत नाहीत. शिवाय कंपनीचा ताबा घेण्याबद्दलच्या सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार ओपन ऑफर चालू असताना संचालक मंडळाला नवे शेअर काढणं, बायबॅक करणं म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, मोठी मालमत्ता विकणं किंवा मोठं कर्ज उचलणं हे भागधारकांच्या पोस्टल बॅलटमधल्या विशेष ठरावाशिवाय करता येत नाही. तुम्हाला नोटीस आली ती या नियमामुळे. साहेबांनी विश्वासात घेतलं म्हणून नाही.

माझं मत विचाराल तर ठरावाच्या विरोधात मत टाका. नोटिशीबरोबर खुलासा जोडलेला असतो. वॉरंटचे पैसे कशासाठी हवेत हे त्यात बघा. नवं मशीन, नवं शेड, कर्जफेड असं काही नेमकं लिहिलं असेल तर मी पुन्हा विचार करीन. ‘सर्वसाधारण व्यावसायिक गरजा’ असं मोघम काही असेल तर खुर्ची वाचवायला तुमचा हिस्सा वापरला जातोय, एवढं समजा.

मालकाने स्वतःचा बचाव करणं गैर आहे असं मी म्हणत नाही. फक्त त्याची किंमत कोण मोजतं ते बघतो. साहेबांना जास्त भाव देणारा दुसरा ग्राहक उभा करता येतो. पहिल्या बोलीचं सविस्तर निवेदन आल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत प्रतिस्पर्धी ऑफर देता येते, आणि त्यात फायदा तुमचा. २००० साली मुंबईच्या गेस्को या बांधकाम कंपनीवर बाहेरून बोली आली तेव्हा शेठ कुटुंबाने महिंद्रांना सोबत घेतलं. आपल्या सातपूरला गाड्या बनवणारे तेच महिंद्रा. कंपनी पुढे महिंद्रा गेस्को झाली. असा बचाव मला मान्य आहे, कारण त्यात कुणाला तरी खिशातले पैसे बाहेर काढावे लागतात.

जुन्या काळी तर मालक मंडळी घेणाऱ्याचे शेअर त्याच्या नावावर चढवायलाच नकार देत. १९८३ मध्ये लंडनच्या स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएमचे शेअर बाजारातून गोळा केले, तेव्हा दोन्ही कंपन्यांनी तेच केलं. गंमत अशी की मालक म्हणवणाऱ्या कुटुंबांचा हिस्सा किरकोळ होता, मोठा वाटा एलआयसीसारख्या सरकारी संस्थांकडे होता. एलआयसीने एस्कॉर्ट्सचे नऊ संचालक काढण्यासाठी सभा बोलवायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सभा बोलावणाऱ्या भागधारकाने कारण देण्याची गरज नाही. तो निकाल आजही वकील काढून दाखवतात. पॉल मात्र शेवटी दोन्ही कंपन्यांतून बाहेर पडले.

अलीकडचं उदाहरण माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीचं. २०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोने एका मोठ्या भागधारकाकडचे सुमारे २० टक्के शेअर घेतले आणि ९८० रुपयांनी ओपन ऑफर दिली. संस्थापकांचा कडवा विरोध होता. संचालक मंडळाने बायबॅकचा विचार केला आणि सोडून दिला. काही महिन्यांत लार्सनचा हिस्सा ६० टक्क्यांवर गेला आणि संस्थापक बाहेर पडले. संस्थापकांबद्दल लोकांना सहानुभूती होती, पण शेअर ज्यांचे होते त्यांनी भाव बघितला.

आता तुमचा पुतण्या. सगळं विकण्याइतकं काही पेटलेलं नाही, पण तो अगदीच चुकीचं बोलतोय असंही नाही.

बाजारात २०५ मिळत असताना १८६ ला शेअर देण्यात अर्थ नाही, हे सरळ आहे. बाजार वर आहे कारण लोकांना वाटतंय की मुंबईवाले भाव वाढवतील किंवा तिसरा कुणी येईल. शेअर देण्याची खिडकी कामाचे दहा दिवस उघडी असते. ती उघडण्याच्या आदल्या कामाच्या दिवसापर्यंत त्यांना भाव वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून खिडकीच्या पहिल्या दिवशी धावू नका, शेवटच्या दोन-तीन दिवसांत बाजारभाव बघून ठरवा. आणि दिले तरी सगळे घेतीलच असं नाही. नियमाने त्यांना फक्त २६ टक्क्यांसाठी बोली लावावी लागते. तुमच्यासारख्यांकडे मिळून ४० टक्के आहेत. सगळ्यांनी दिले तर शंभरातले पासष्ट घेतले जातील, म्हणजे तुमच्या १,५०० तले ९७५. बाकीचे परत.

हा २६ चा आकडा कुठून आला? हातात २६, ऑफरमधून आणखी २६, झाले ५२. साध्या बहुमताला पुरे. आणि ओपन ऑफर द्यायलाच लागते ती २५ टक्क्यांना पोहोचल्यावर, कारण एवढा हिस्सा असलेला माणूस कुठलाही विशेष ठराव जवळजवळ एकट्याने अडवू शकतो. २०११ पूर्वी हे आकडे १५ आणि २० होते. नियम बदलण्याआधी सेबीने नेमलेल्या अच्युतन समितीने सुचवलं होतं की बोली उरलेल्या सगळ्या शेअरसाठी लावायला लावा. सेबीने पंचवीसचा उंबरठा घेतला, पण शंभर टक्क्यांची शिफारस नाकारली. माझ्या मते छोट्या भागधारकाचं खरं नुकसान तिथे झालं. मालक बदलला तर पूर्ण बाहेर पडायची वाट मिळायला हवी, अर्धी-पाऊण नाही.

एक संरक्षण मात्र आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. ऑफर संपल्यानंतर २६ आठवड्यांत घेणाऱ्याने ठरवून कुणाकडून चढ्या भावाने शेअर घेतले, तर ऑफरमध्ये दिलेल्या सगळ्यांना वरचा फरक द्यावा लागतो. एनडीटीव्हीत हे घडलं. २०२२ मध्ये अदानी समूहाची ऑफर २९४ रुपयांची होती, बाजारभाव वर होता, तरी सुमारे ५३ लाख शेअर लोकांनी दिले. नंतर संस्थापक रॉय दाम्पत्याकडचे शेअर ३४२.६५ ला घेतले गेले, आणि ऑफरमध्ये दिलेल्यांना शेअरमागे ४८.६५ रुपये आणखी देण्याचं जाहीर झालं. उद्या तुमच्या साहेबांनीच मुंबईवाल्यांशी हातमिळवणी करून चढ्या भावाने विकलं, तर हाच नियम. तशी हातमिळवणी झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. बाजारात विकलेल्यांना मात्र हा फरक मिळत नाही.

तरीही माझा सल्ला: डिमॅटमधले निम्मे, म्हणजे ७५० शेअर, बाजारात आत्ताच विकून टाका. कारण टेकओव्हरचं नाही, घरचं आहे. मुलाचा पगार या कंपनीतून आणि बचतही याच कंपनीत, हे मला आधीपासूनच पटलं नसतं. २०५ ने दीड लाखाच्या वर रक्कम येईल. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हातात आलेल्या शेअरना त्या दिवशीचा भाव खरेदी किंमत म्हणून धरायची सवलत आहे, त्यामुळे त्यांच्यावर कर लागायची शक्यता कमीच. उरलेले ७५० धरा आणि खिडकीच्या शेवटी बघा.

मुलाच्या नोकरीबद्दल. शेअर कुणाकडेही गेले तरी त्याचा मालक कंपनीच राहते, करार तेच राहतात, नोकरीची मागची सलग वर्षंही मोडत नाहीत. भीती असायला हवी ती प्लॉटची. अंबडच्या जागा एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात, हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागते, पण शहर जवळ आल्यावर कारखान्यापेक्षा जागेकडे डोळा ठेवणारे असतात, हे नाशिककरांना सांगायला नको. लेटर ऑफ ऑफर, म्हणजे ओपन ऑफरचं सविस्तर पत्र, हातात आलं की त्यात घेणाऱ्याने मालमत्ता विकण्याबद्दल काय लिहिलंय ते मुलाला शोधायला सांगा. विकण्याचा इरादा तिथे जाहीर केला नसेल, तर ऑफरनंतर दोन वर्षं मोठी मालमत्ता विशेष ठरावाशिवाय विकता येत नाही. त्याच सुमारास स्वतंत्र संचालकांच्या समितीची कारणांसह शिफारस वर्तमानपत्रात येईल, तीही कापून ठेवा.

कागदी ९०० शेअर या धांदलीत बसवायला जाऊ नका, पण काम आजच सुरू करा. ते तुमच्या नावावर चढेपर्यंत त्यांच्यावर तुम्हाला मत देता येत नाही. कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे मृत्यूचा दाखला, तुमची केवायसी आणि आयएसआर-५ अर्ज द्यायचा. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तर सोपं, नसेल तर मुलांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र लागेल. केवायसी अपुरी असलेल्या कागदी शेअरच्या खात्यांचा लाभांश १ एप्रिल २०२४ पासून अडवला जातो, तेव्हा मागचाही मिळायचा राहिला असेल. सलग सात वर्षं लाभांश उचललेला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या, न उचललेल्या लाभांशासाठीच्या निधीत जातात. यजमानांच्या नावाने त्या संकेतस्थळावर एकदा शोधून बघा. गेले असले तरी परत मागता येतात, वेळ लागतो.

सभेचा प्रश्न शेवटी ठेवलात, पण मला तो सगळ्यात आवडला. वार्षिक सभा हल्ली बऱ्याच कंपन्या व्हिडिओवर घेतात. नोटिशीत ‘स्पीकर’ म्हणून नाव नोंदवायचा ईमेल आणि तारीख असते, तेवढी चुकवू नका. मराठीत विचारायला कायदा आड येत नाही. जुन्या कामगारांपैकी अजून कोणाकडे शेअर आहेत याची यादी करा. ज्यांच्याकडचे शेअर दर्शनी किमतीने, म्हणजे बाजारभावाने नव्हे तर शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीने, २०,००० रुपयांच्या आत आहेत असे हजार जण, किंवा अशा एकूण भागधारकांचा दहावा हिस्सा, यांतला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी नोटीस दिली, तर लहान भागधारकांचा म्हणून एक संचालक निवडून देता येतो. दर्शनी किंमत दहा रुपये असेल तर तुमचे १,५०० त्यात बसतात. कागदी ९०० चढले की बसणार नाहीत, निम्मे विकले की पुन्हा बसतील. आणि सभेत बोलायला मिळालं तर पहिला प्रश्न प्लॉटचा विचारा, दुसरा मालकांनी आपले किती शेअर गहाण ठेवलेत याचा. दुसऱ्याचं उत्तर बीएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला असतंच, ते आधी बघून जा, म्हणजे समोरून काय सांगतात ते ताडता येईल.